नागदेवीतलं व्हॉल्व्ह किट ट्रॅक्टरच्या जुन्या चाकाला किती पुरतं?

ट्रॅक्टरचं मागचं चाक रात्रीतून बसतं, टायरमध्ये खिळा-काच काही सापडत नाही, सकाळी पुन्हा हवा भरायची आणि कामाला लागायचं. असं चार दिवस चाललं की माणूस नवी ट्यूब आणायला निघतो. त्याआधी मुंबईच्या हत्यारबाजारात, नागदेवी स्ट्रीटला जाऊन यावं. तिथे हवेचे पाइप, गेज, ग्रीस गन विकणाऱ्या दुकानांत एक पाकीट मिळतं: एक चारमुखी पाना, मूठभर वॉल पिना (व्हॉल्व्हच्या आत हवा अडवणाऱ्या), दोन कोर हाउसिंग (ती पिन जिच्यात बसते ती पितळी टोपण-नळी), थोडे रबरी वायसर आणि काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या. पाकिटावर कंपनीचं नाव नसतं. मागच्या चाकाच्या नव्या ट्यूबपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. घ्यावं का? जरूर घ्यावं, पण त्यातल्या अर्ध्याच वस्तूंवर भरवसा ठेवावा.

व्हॉल्व्ह पितळेचा असतो, आणि मुंबईतले ट्रॅक्टर नेमके पितळेचे हाल होतात तिथेच राबतात. जुहू-वर्सोव्याचे खाऱ्या वाळूत, गोराई-मनोरीचे खाडीकाठी, आरेतले तबेल्यांच्या शेणात. मीठ लोखंडी रिम खातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्हॉल्व्हच्या भोकाची कड गंजून करवतीसारखी होते, ती यामुळेच. शेणाचा त्रास मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. शेणामुतातून सुटणारा अमोनिया ताण बसलेल्या पितळेला बारीक चिरा पाडतो. हे दुखणं जुनं आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली की आपोआप तडकत, आणि त्यामागे अमोनिया आहे हे १९२१ साली स्पष्ट झालं. तेव्हा तबेल्यातल्या ट्रॅक्टरच्या स्टेमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या पितळी नळीवर, केसासारखी रेघ दिसली तर ओरखडा म्हणून सोडू नका. साबणाचं पाणी लावा. रेघेवरच बुडबुडे उठले तर स्टेम गेलं, आणि तिथे हे किट काही कामाचं नाही.

किट उघडण्याआधी हवा कुठून जाते ते ठरवावं लागतं. आपल्याकडच्या मागच्या ट्यूबला, मग ती १३.६-२८ मापाची असो की १४.९-२८, बहुधा टीआर २१८ए हा हवा-पाण्याचा व्हॉल्व्ह असतो. गाडीच्या व्हॉल्व्हपेक्षा यात एक जोड जास्त. खाली जाड पितळी स्टेम, त्यावर आट्यांनी बसणारं छोटं कोर हाउसिंग, आणि त्याच्या आत पिन. हाउसिंग काढलं की मोठं तोंड मोकळं होतं, त्यातून वजनासाठी पाणी भरता येतं. म्हणजे पिन, हाउसिंगखालचा वायसर आणि स्टेम ट्यूबच्या रबराला चिकटतं ते मूळ, अशा तीन जागा तपासायच्या.

भांड्यांच्या साबणाचा दाट फेस करा. टोपी काढून तोंडावर थेंब ठेवा. एकच फुगा हळूहळू मोठा होऊन फुटला तर पिन गळते. हाउसिंगच्या कडेने पांढऱ्या बारीक फेसाची अंगठी उमटली तर वायसर. दोन्ही जागा शांत आणि रिमच्या भोकातून बुडबुडे आले, तर मूळ गेलं असं लगेच समजू नका. ट्यूबला कुठेही छिद्र असलं तरी हवा टायरच्या आतून फिरून याच भोकातून बाहेर पडते. दोन्हीपैकी काहीही असो, टायर उघडावाच लागणार. स्टेम भोकात तिरकं उभं असेल तर मात्र मुळावरचा संशय पक्का धरा. कमी हवेवर ट्रॅक्टर ओढला की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब सरकते, आणि स्टेम भोकाला अडून मुळाशी फाटतं.

पिन बदलणं सोपं आहे आणि त्यासाठी किटमधला पाना उत्तम. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून खाली भक्कम टेकू द्या. वजन चाकावर राहिलं तर हवा जाताच टायर चेपतो आणि ट्यूब आत सरकते. चाकात पाणी असेल तर व्हॉल्व्ह अगदी वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणा. पाणी साधारण पाऊण चाक भरतात, त्यामुळे वरच्या व्हॉल्व्हमधून फक्त हवा निघते. पिनेचं टोक दाबून फुसफूस थांबेपर्यंत हवा सोडा, मगच चारमुखी पान्याने ती फिरवून काढा. तोंडासमोर चेहरा आणू नका. दाब शिल्लक असेल तर पिन गोळीसारखी सुटते. नवी पिन बसवण्याआधी आतली बैठक कोरड्या कापडाच्या वातीने पुसा. पिनेवरचा रबरी पट्टा तिथल्या उतरत्या कडेला टेकतो तेव्हाच हवा अडते, आणि जुहूच्या वाळूचा एक कण गळतीला पुरतो. पिन बोटांच्या जोराने घट्ट होईपर्यंत फिरवा, टेकल्यावर जेमतेम पाव फेरा. त्यापुढे आवळली की पट्टा चिरतो.

किटमधल्या पिना मात्र त्याची जमेची बाजू नव्हे. एकाच पाकिटातल्या काहींची स्प्रिंग सैल निघते. बसवण्याआधी प्रत्येकीचं टोक दाबून सोडा. चटकन परत येत नसेल ती फेका. स्कूटरची चांगल्या कंपनीची पिन याच मापाची असते, ती इथे बिनधास्त चालते, आणि कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते.

खरं कौतुक आहे कोर हाउसिंगचं आणि त्याखालच्या वायसरचं. जुन्या चाकांत बऱ्याचदा हा वायसरच दगड झालेला असतो, आणि पंक्चरवाला पिनेवर पिन बदलत राहतो. मात्र हे काम एका पान्याने करू नका. हाउसिंग गंजून बसलेलं असतं. त्याला पाना लावून जोर केला की हाउसिंग न सुटता खालचं स्टेमच फिरतं, आणि ज्या रबरी पायाला ते चिकटवलेलं असतं त्याच्यापासून सुटतं. चांगली ट्यूब अशी एका झटक्यात वाया जाते. एका छोट्या पान्याने स्टेम घट्ट धरा, दुसऱ्याने हाउसिंग सोडवा. हलत नसेल तर कडेला गरम पाण्याचा कपडा धरून दहा मिनिटं थांबा. तेल ओतू नका, ते उतरून ट्यूबच्या रबराला फुगवतं. हाउसिंग निघालं की जुना वायसर टोच्याने खरवडून काढा, बैठक पितळ चमकेपर्यंत साफ करा, नवा वायसर सपाट बसवा आणि पुन्हा दोन पान्यांनीच आवळा. किटमधले दोन्ही हाउसिंग आट्यांत नीट बसतात, डगमगत नाहीत.

चारमुखी पान्याचं एक तोंड पिना काढतं. दुसरं बाहेरचे आटे पाडायचं, म्हणजे टोपीचे चेपलेले आटे पुन्हा सरळ करायचं. तिसऱ्याने आतले आटे साफ होतात, चौथ्याने तुटलेली पिन ओढून निघते. यातलं दुसरं तोंड एकट्यानेच पाकिटाचे पैसे वसूल करतं. बाहेरचे आटे पाडताना पिन आतच ठेवा, म्हणजे पितळेचा कीस आत जात नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत जा. आतले आटे साफ करताना पिन काढावीच लागते. तीही फुसफूस थांबल्यावरच काढा, आणि कीस आत पडू देऊ नका. पण किटचं हे तिसरं तोंड मऊ लोखंडाचं आहे, दोन-तीन वेळांत त्याची धार जाते. आतले आटे फारच खराब असतील तर साफ करत बसू नका, हाउसिंगच बदला.

टोप्या फेकून द्या. त्यांच्या आत रबर नाही, आणि उन्हात त्या तडकतात. टोपी नुसती धूळ अडवत नाही, पिन जराशी गळाली तर हवा धरून ठेवणारा दुसरा अडसर तीच आहे. आत रबर असलेली पितळी टोपी घ्या. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची टोपी किनाऱ्यावरच्या हवेत पितळी स्टेमला अशी जाम होते की काढताना हाउसिंगही सोबत येतं.

पुढच्या चाकांना, ६.००-१६ सारख्या मापांत, बहुधा रबरी स्टेमचा व्हॉल्व्ह असतो. तिथे हाउसिंग नाही, फक्त पिन बदलायची.

मूळच गेलं असेल तर टायरवाल्याकडे जा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. पहिली, थंड सोल्युशनचा पॅच मुळाशी लावू देऊ नका, तो वळणाच्या जागी टिकत नाही. पायासकट नवा व्हॉल्व्ह गरम पॅचने बसवणारा असेल तर ठीक, नाहीतर नवी ट्यूब. दुसरी, रिमच्या भोकाची कड गोल कानशीने गुळगुळीत करून घ्या, नाहीतर नवं स्टेमही त्याच कडेवर घासेल. तिसरी, बाहेरचा नट फक्त हाताने टेकेपर्यंत. ट्रकच्या सवयीने तो पान्याने आवळतात आणि तिथेच ट्यूब पुन्हा फाटायला सुरुवात होते. टायरच्या आत फ्रेंच चॉक, म्हणजे टाल्कसारखी पांढरी पूड, मारून घ्या. हवा एकदा भरून पूर्ण सोडा म्हणजे ट्यूबच्या चुण्या निघतील, मग पुन्हा भरा. टायरची कड बसवताना ३५ पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. कड बसत नसेल तर हवा सोडून साबणपाणी लावा, दाब वाढवू नका. इतक्या मोठ्या टायरची कड किंवा रिम फुटली तर शेजारी उभ्या माणसाच्या जिवावर बेततं.

शेवटी मोजणी. मागच्या चाकात शेतीच्या कामाला साधारण १२ ते १६ पीएसआय लागतो. ट्रकवाल्यांचं १६० पर्यंतचं गेज इतक्या खाली नीट दाखवतच नाही, म्हणून किटसोबत कमी दाबाचं गेज वेगळं घ्या. चाकात पाणी असेल तर हवा-पाण्याचं गेज मागा, साधं गेज पाण्याने गंजतं. दुरुस्तीनंतर जोडांवर फेस लावून दहा मिनिटं बघा. हवा मात्र लागोपाठ दोन दिवस सकाळीच, चाक थंड असताना मोजा. १४ पीएसआयचं चाक १० अंशांनी थंड झालं की दाब जवळपास १ पीएसआयने आपोआप उतरतो. दुपारी तापलेलं चाक मोजून दुसऱ्या सकाळी ताडून पाहिलं, तर धड व्हॉल्व्ह पुन्हा उघडला जाईल.