पाण्याच्या उष्णतेवरून आलेला आकडा : ओटावाच्या चेंबर-कॅलिब्रेशन सेवेविषयी

आमच्या रेडिओथेरपी विभागाचा 0.6 घन सेंटिमीटरचा फार्मर चेंबर (किरणांची मात्रा मोजणारे, हवेची छोटी पोकळी असलेले उपकरण) दर दोन वर्षांनी कॅलिब्रेशनसाठी ओटावाला, कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत, जातो. या सेवेतून हाती पडते ते एक प्रमाणपत्र आणि त्यावरचा एक आकडा. चेंबरमध्ये जमा झालेल्या दर नॅनोकूलंब विद्युतभारामागे पाण्याने किती ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा शोषली, हे तो सांगतो. आमच्या चेंबरसाठी तो सुमारे 0.054 आहे. विभागातल्या प्रत्येक रुग्णाची मात्रा शेवटी याच आकड्यावर उभी असल्यामुळे तो कोठून आला हे पाहिल्याशिवाय सेवेची पारख करता येत नाही.

मी मुंबईत अणुशक्तीनगरला शिकत होतो तेव्हा चेंबर हवेत कॅलिब्रेट होऊन येत असे, आणि हवेवरून पाण्यावर यायचे तर गुणकांची एक लांबलचक रांग पार करावी लागे. प्रत्येक गुणक आपली थोडी अनिश्चितता सोबत आणी. ओटावाचे मानक मुळात पाण्यातच ठरते, तेही पाणी किती तापले हे मोजून.

ऐकायला सोपे वाटते, पण 1 किलो पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 4,200 जूल लागतात आणि 1 ग्रे म्हणजे किलोमागे अवघा 1 जूल, त्यामुळे तापमान वाढते ते फक्त 0.00024 अंशाने, आणि त्यातही अर्ध्या टक्क्याची अचूकता हवी असेल तर अंशाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत जावे लागते. त्यासाठी पाण्याची टाकी 4 अंश सेल्सिअसला स्थिर ठेवतात, कारण त्या तापमानाला पाण्याची घनता सर्वाधिक असते आणि किंचित तापलेले पाणी वर उसळून प्रवाह निर्माण करत नाही. टाकीच्या आत काचेचे बंद पात्र, त्यात हायड्रोजनने संपृक्त केलेले अतिशुद्ध पाणी आणि बारीक काचनळ्यांच्या टोकांशी बसवलेले टाचणीच्या डोक्याहून लहान असे दोन थर्मिस्टर, म्हणजे तापमान टिपणारे संवेदक, असतात. हायड्रोजन कशाला, हा प्रश्न मला अनेक तरुण सहकारी विचारतात. किरणांमुळे पाण्यात रासायनिक क्रिया घडतात आणि पाण्यात अशुद्धी असेल तर त्या क्रिया थोडी उष्णता गिळतात किंवा जास्तीची सोडतात. हायड्रोजनयुक्त शुद्ध पाण्यात थोड्या पूर्व-किरणनानंतर, म्हणजे मोजणीआधीच त्यावर किरण टाकल्यावर, हा हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. काचेचा त्रास मात्र उरतोच. तिची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश असल्याने तेवढ्याच मात्रेत ती कितीतरी जास्त तापते, आणि तिच्याकडून थर्मिस्टरकडे झिरपणारी उष्णता गणिताने वजा करावी लागते.

असले उपकरण कोणी रुग्णालयात मांडणार नाही आणि मांडूही नये. त्याचे फळ चेंबरच्या रूपाने दारी येते, हीच या सेवेची खरी सोय आहे. मात्र आम्ही घेतो ते कॅलिब्रेशन कोबाल्ट-60 च्या किरणांतले असते, त्यामुळे लिनॅकच्या (रुग्णाला किरण देणाऱ्या रेखीय त्वरकाच्या) 6 किंवा 10 एमव्ही (मेगाव्होल्ट) बीमसाठी टीजी-51 या अमेरिकी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या 1999 च्या नियमावलीप्रमाणे आणखी एक गुणक आपल्यालाच लावावा लागतो. नवख्यांची चूक बहुधा इथेच होते.

यंदा तक्रार झाली ती वाहतुकीची. ज्या कुरियरने चेंबर परत आणला त्याच्या माणसाने ऐन जानेवारीत ‘नाजूक’ अशी चिठ्ठी डकवलेली पेटी मालधक्क्यावर थंडीत ठेवून दिली आणि ती आम्हाला काही तासांनी सापडली. चेंबर रात्रभर खोलीत ठेवून सकाळी स्ट्रॉन्शियम-90 च्या तपासणी-स्रोतावर (चेंबर बिघडला नाही ना हे पाहण्यासाठीच्या छोट्या किरणोत्सारी स्रोतावर) वाचने घेतली. पाठवण्यापूर्वीच्या वाचनांशी ती 0.1 टक्क्याच्या आत जुळली, तेव्हाच नवा आकडा वापरात आणला. ही वाचने चेंबर पाठवण्याआधी नोंदवून ठेवली नसती तर चेंबर पुन्हा ओटावाला धाडण्यावाचून गत्यंतर नव्हते.