सिंगापूर की जोहोर : पुलाच्या कोणत्या टोकाला दुकान थाटायचं?

सिंगापूर आणि मलेशियाच्या जोहोर राज्यातलं जोहोर बाहरू शहर यांच्यामध्ये जेमतेम एक किलोमीटरचा कॉजवे आहे. तिकडे धंदा न्यायचा विचार करणारा आपला माणूस नकाशा पाहून म्हणतो, "अंतर काय ते? जिथे स्वस्त तिथे जाऊ." पण त्या एक किलोमीटरमध्ये सरहद्द आहे, आणि सिंगापूर व मलेशिया हे 1965 साली वाटण्या झालेले भाऊ आहेत.

भाऊ भांडतात ते आधी पाण्यावरून. 1962 च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून दिवसाला 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलू शकतं, तेही हजार गॅलनला 3 सेन (सेन म्हणजे मलेशियन रिंगिटचा पैसा) या दराने. मलेशियाला हा दर डाचतो. सिंगापूर म्हणतं, करार म्हणजे करार, 2061 पर्यंत. पेद्रा ब्रांका बेटाचा तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि 2008 मध्ये ते बेट सिंगापूरला मिळालं. क्वालालंपूर-सिंगापूर वेगवान रेल्वेचा प्रकल्प गुंडाळल्याचं 1 जानेवारी 2021 रोजी जाहीर झालं, तेव्हा मलेशियाने 10 कोटी सिंगापूर डॉलरहून अधिक भरपाई मोजून दिली. मला या सगळ्यात दिलासाच दिसतो. आवाज चढतात, पण सही केलेला कागद फाडला जात नाही.

धोका आहे तो एका रात्रीत निघणाऱ्या सरकारी आदेशाचा. 1 जून 2022 पासून मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली आणि सिंगापूरच्या चिकन-राइसवाल्यांची झोप उडाली. तुमचा कच्चा माल रोज पूल ओलांडणार असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता कर. सिंगापुरात कंपनी कर 17 टक्के, मलेशियात साधारण 24. मग जोहोरला का जायचं? कारण 7 जानेवारी 2025 रोजी दोन्ही देशांनी जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार केला आणि तिथे 5 टक्के कर, तोही 15 वर्षांपर्यंत, अशी जाहिरात सुरू झाली. ती नीट वाचा. ही सवलत एआय, वैद्यकीय उपकरणं, विमानांचे सुटे भाग अशा निवडक उद्योगांना आहे. मसाल्याचं पॅकिंग करणाऱ्याने 5 टक्के धरून हिशेब मांडू नये.

जागेच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही. सिंगापूरने 2019 नंतर काही वर्षं नव्या डेटा सेंटरना परवानगी रोखली आणि जोहोरमध्ये त्यांची रांग लागली. गोदाम, कारखाना, शीतगृह, जे काही चौरस फुटांवर चालतं ते जोहोरलाच.

माणसांचा हिशेब मात्र फसवा आहे. जोहोरमध्ये पगार कमी, हे खरं. पण एका सिंगापूर डॉलरला तीनहून अधिक रिंगिट मिळतात, म्हणून चांगला वेल्डर पहाटे उठून मोटारसायकलवर पूल ओलांडतो. तुमची स्पर्धा शेजारच्या कारखान्याशी नाही, सिंगापूरच्या पगाराशी आहे. उलट सिंगापुरात भारतातून माणूस न्यायचा तर एम्प्लॉयमेंट पाससाठी (परदेशी कर्मचाऱ्याच्या कामाच्या परवान्यासाठी) 2025 पासून महिना किमान 5,600 सिंगापूर डॉलर पगार दाखवावा लागतो. छोट्या कंपनीला हे झेपत नाही.

माझं मत विचाराल तर कंपनीची नोंदणी, बँक खातं आणि परदेशी ग्राहकांशी करारमदार सिंगापुरात, माल आणि यंत्रं जोहोरमध्ये. सल्ला-सेवा किंवा सॉफ्टवेअर असेल तर जोहोरचा विचारही करू नका.

जोहोरमधलं बुकित चागर ते सिंगापुरातलं वुडलँड्स नॉर्थ ही नवी आरटीएस (जलद शहरी) रेल्वे ताशी एका दिशेने 10,000 प्रवासी नेईल असं सांगतात. पण ती प्रवाशांसाठी आहे, मालाचा ट्रक रस्त्यावरच राहणार. म्हणून गोदामाच्या भाडेकरारावर सही करण्याआधी एका शुक्रवारी संध्याकाळी त्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसा, आणि पलीकडे पोहोचेपर्यंत घड्याळ बघत राहा.