उजळाईवाडीत केबिन वायरिंगची तपासणी : काम चोख, रिपोर्ट ढिसाळ

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर येऊन चार आसनी विमानाचं वायरिंग तपासून देणारं हे पथक. नुसता टॉर्च मारून सही करत नाहीत. सीटखालचं, पॅनेलमागचं अस्तर उघडतात. दोन क्लॅम्पमधली वायर हाताने दाबून अर्ध्या इंचाहून जास्त खाली जाते का, ते पट्टी लावून बघतात. खरी कसोटी पॅनेलमागे, योकपाशी (वैमानिकाच्या हातातल्या चाकापाशी). क्लॅम्पचं रबर झिजलं की धातूची कड इन्सुलेशन खाते आणि ठिणग्या पडतात. त्या अधूनमधून पडतात, त्यामुळे ब्रेकर तापून पडेलच असं नाही. ही जागा ते आरसा घालून, जुडगं फिरवून बघतात. शाब्बास!

२० गेजच्या वायरला ब्रेकर साडेसात अँपिअरचा. दहाचा दिसला की बदलायला लावतात. जुनी पीव्हीसी वायर जळली तर केबिनभर विषारी धूर, म्हणून तिथे टेफझेलचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं, आवरण असलेली वायर. आपल्याकडच्या पावसात अर्थिंगच्या लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडावर) थर चढतो, तो घासून बाँडिंग, म्हणजे धातूच्या भागांमधली विद्युत जोडणी, पुन्हा मोजतात.

रिपोर्ट मात्र ढिसाळ. ‘कनेक्टर सैल’ एवढंच. कुठला कनेक्टर, कितवी पिन, पत्ता नाही. अस्तर परत बसवायचे पैसे वेगळे, तेही आधी विचारलं तरच सांगतात.