विरल द्रावणाची संहती काढणारे ॲप : गणित चोख, विचारपूस अपुरी

विद्यार्थ्यांकडून द्रावणे करून घेताना गेले काही महिने मी विरल द्रावणाची संहती काढून देणारे एक मोबाइल ॲप वापरत आहे. मूळ द्रावणाची संहती (ठरावीक आकारमानात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण), त्यातून घेतलेले आकारमान आणि अखेरचे एकूण आकारमान भरले की उत्तर तत्काळ मिळते. त्यामागे 'सी१ × व्ही१ = सी२ × व्ही२' हेच परिचित सूत्र आहे (सी म्हणजे संहती, व्ही म्हणजे आकारमान), कारण पाणी वाढवल्याने द्राव्याचे, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे, मोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) कमी-जास्त होत नाहीत. २ मोलर (म्हणजे लिटरमागे २ मोल) मिठाचे २५ मिलिलिटर द्रावण २०० मिलिलिटरपर्यंत वाढवल्यास ०.२५ मोलर हे उत्तर ते अचूक देते. एक आकारमान लिटरमध्ये आणि दुसरे मिलिलिटरमध्ये भरले तरी एकके आपोआप जुळतात, आणि विद्यार्थ्यांच्या निम्म्या चुका तिथेच होत असल्याने ही सोय मोलाची आहे.

खरी अडचण बाटलीवर टक्केवारी छापलेली असते तेव्हा येते. संहत हायड्रोक्लोरिक आम्लावरील ३७ टक्के हा आकडा वजनाचा असतो, म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. हे ॲप मात्र घनता न विचारताच तो आकडा १०० मिलिलिटरमागे ३७ ग्रॅम असा धरते आणि ३६.४६ या रेणुभाराने भागून सुमारे १०.१ मोलर असे उत्तर देते. वास्तविक या आम्लाची घनता मिलिलिटरमागे सुमारे १.१८ ग्रॅम असल्याने एका लिटरात जवळपास ४३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असतो आणि संहती सुमारे १२ मोलर येते. ॲपवर विसंबून ०.१ मोलरचे एक लिटर द्रावण केले, तर ८.३ ऐवजी ९.९ मिलिलिटर आम्ल पडते आणि हाती येणारे द्रावण ०.११८ मोलरचे निघते. अनुमापनात, म्हणजे माहीत संहतीच्या द्रावणाने दुसऱ्याची संहती मोजताना, एवढा फरक खपवून घेता येत नाही.

दुसरी उणीव गुणोत्तराची. १:१० म्हणजे एकूण दहा भागांत एक भाग, की एका भागात दहा भाग पाणी, याचा खुलासा पडद्यावर कुठेही नाही. तीन टप्प्यांच्या क्रमिक विरलनात, म्हणजे विरल केलेलेच द्रावण पुन्हा पुन्हा विरल करताना, पहिल्या अर्थाने मूळ संहतीचा हजारावा भाग उरतो, तर दुसऱ्या अर्थाने १३३१ वा.

उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत दाखवण्याची हौसही मला अनाठायी वाटली, २.०८३३ मिलिलिटर मोजू शकेल असा पिपेट आमच्या टेबलावर तरी नाही. शिवाय 'इतके पाणी घाला' या सूचनेऐवजी 'फ्लास्कच्या खुणेपर्यंत भरा' असे हवे होते, कारण आकारमाने नेहमीच सरळ बेरजेने वाढत नाहीत : ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळल्यास मिश्रण १०० मिलिलिटरपेक्षा तीन-चार मिलिलिटरने कमी भरते.

मोलर द्रावणांसाठी मी हे ॲप वापरत राहीन. टक्केवारीचे गणित मात्र विद्यार्थ्यांनी घनता घेऊन वहीत करावे आणि गुणोत्तर १ + ९ असे स्पष्ट लिहावे, असा नियम मी आता केला आहे.