दोन नवशिके शिपाई: ‘बक प्रायव्हेट्स’ आणि ‘सी हिअर, प्रायव्हेट हारग्रोव्ह’

अमेरिकेत 1940 साली सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, म्हणजे 1941 च्या आरंभी, देश अजून दुसऱ्या महायुद्धात उतरलेला नसताना, ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीचा ‘बक प्रायव्हेट्स’ पडद्यावर आला. पोलिसाला चुकवण्यासाठी पळणारे दोन टाय-विक्रेते चुकून भरतीकेंद्रात शिरतात आणि पुढे तोच पोलीस त्यांचा सार्जंट होतो. बंदूक घेऊन चाललेल्या कवायतीत कॉस्टेलोची उडणारी तारांबळ हा या चित्रपटाचा प्राण आहे. अँड्र्यूज भगिनी या गायिका-त्रयीची गाणीही रंगत वाढवतात, मात्र छावणी इथे केवळ विनोदाचे नेपथ्य राहते.

1944 चा ‘सी हिअर, प्रायव्हेट हारग्रोव्ह’ वेगळ्या मुशीतला आहे. मॅरियन हारग्रोव्ह या पत्रकाराने फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावरील स्वानुभवावर लिहिलेले पुस्तक त्याच्या मुळाशी असल्यामुळे, शिक्षा म्हणून मुदपाकखान्यात राबणारा रॉबर्ट वॉकरने साकारलेला वेंधळा हारग्रोव्ह खराखुरा वाटतो. मनमुराद हसायचे असेल तर पहिला चित्रपट निःसंशय सरस आहे, परंतु साधा नागरिक हळूहळू सैनिक कसा होतो हे पाहायचे असल्यास मी दुसराच निवडेन.