पाचगणीच्या थंडीत पॉलिहाऊसमधली स्ट्रॉबेरी : पाच महिन्यांचा अनुभव

पॉलिहाऊस घ्यायचं ठरलं तेव्हा चार ठिकाणी जाऊन चौकशी केली होती. सगळीकडे एकच ऐकायला मिळालं : पावसापासून वाचाल, थंडीपासून वाचाल. पाच महिने त्यात सकाळ-संध्याकाळ वावरल्यावर सांगते, पावसापासून वाचलो हे शंभर टक्के खरं. थंडीला भ्यायचं कारणच नव्हतं. आम्हाला नडली ती ओल. आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमची जमीन पाचगणीच्या पुढं, भिलारच्या अलीकडं. उंची तेराशे मीटरच्या आसपास. स्ट्रॉबेरी आमच्या घरात आबांपासून आहे, म्हणजे माझ्या सासऱ्यांपासून, पण सगळी उघड्यावरची. पॉलिहाऊस 1008 चौरस मीटरचं, 28 बाय 36 मीटर, चार बे, म्हणजे एकाला एक लागून कमानीखालचे चार भाग. वरचं प्लॅस्टिक 200 मायक्रॉनचं. बाजूला हँडलनं गुंडाळायचे पडदे, पडद्यांच्या आत 40 मेशची बारीक जाळी. वरची खिडकी कायम उघडीच असते, तिलाही जाळी. सांगाडा मे महिन्यात उभा केला, पण आमच्याकडचा वारा आणि पाऊस बघता प्लॅस्टिक ऑगस्टच्या अखेरीस चढवलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विंटर डॉन या जातीची 5,800 रोपं लावली. ठिबक आणि मल्चिंग, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद, नेहमीसारखंच.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला आणि पहिल्यांदा वाटलं, पैसे वसूल झाले. शेजारच्या दिरांच्या उघड्या रानात सरीतून पाणी वाहत होतं, मल्चिंगवर माती उडाली होती, पहिला बहर झोडपून गेला. आमच्या आत रोपाच्या गड्ड्यावर मातीचा कण नव्हता. फुलं जशीच्या तशी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं पहिलं फळ मार्केटला गेलं, दिरांचं त्यानंतर तीन आठवड्यांनी. सुरुवातीच्या फळाचा भाव काय असतो हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

आणि त्याच महिन्यात राखाडी बुरशी आली.

एके दिवशी तोडणीला गेले तर चौथ्या बेमध्ये एक फळ देठापाशी तपकिरी, मऊ. दुसऱ्या दिवशी त्यावर राखेसारखी लव. हात लावला की धूर उडावा तशी ती उडते. आठवड्यात शंभर-दीडशे फळं गेली. आधी वाटलं रोपंच खराब आली असतील. मग एका सकाळी खाली बसून ओळीनं बघत गेले, तेव्हा लक्षात आलं की कुजलेली फळं विखुरलेली नाहीतच. एका सरळ रेषेत आहेत. मान वर केली तर नेमका डोक्यावर आडवा पाईप, आणि त्या पाईपवर प्लॅस्टिकला लोंबणारे थेंब. टप, टप, त्याच ओळीवर.

झालं असं होतं की, पहिल्या तीन बेवर अँटी-ड्रिप प्लॅस्टिक होतं. त्यावर वाफ बसते, पण थेंब न होता पाण्याचा पातळ पापुद्रा होऊन कडेनं गटरकडं ओघळतो. चौथ्या बेला ठेकेदाराचा माल कमी पडला आणि त्यानं साधं प्लॅस्टिक चढवलं. बिलात सगळं एकच लिहिलेलं. फोन केला तर 'यानं काय फरक पडतोय' हे उत्तर. फरक माझ्या क्रेटमध्ये दिसत होता : चौथ्या बेमधली खराब फळं बाकीच्या तिन्ही बे मिळून जेवढी, त्याहून जास्त.

पण सगळा दोष प्लॅस्टिकचा नाही, निम्मा माझा होता. थंडी पडायला लागली म्हणून मी दुपारी साडेचारलाच पडदे खाली घेत होते, आतली ऊब कोंडायला. ठिबकही संध्याकाळी सोडत होते. आबा दोनदा म्हणाले, "पडदा जरा उघडा ठिव गं पोरी. पिकाला बी वारं लागतं." मी ऐकलं नाही. मग आर्द्रता दाखवणारा मीटर आणून मधल्या बेमध्ये रोपाच्या उंचीवर टांगला आणि वहीत आकडे लिहायला लागले.

पडदे लावताना आत 22 अंश, आर्द्रता 70 टक्के. ऐकायला ठीक वाटतं. पण ही हवा 16 अंशांवर आली की त्यातल्या पाण्याला हवेत जागाच उरत नाही, ते दव होऊन पान, फूल, फळ, प्लॅस्टिक, जे गार असेल त्यावर बसतं. आमच्याकडं नोव्हेंबरात 16 अंश रात्री आठ-नऊलाच होतात. म्हणजे तिथून सकाळपर्यंत दहा-अकरा तास सगळं ओलं. या बुरशीला हेच हवं असतं : बेताचा गारवा आणि तासन् तास न वाळणारं पाणी. त्यात ती शिरते फुलातून, गप्प बसते आणि फळ पिकायला लागलं की वर येते. म्हणून फळ दिसायला चांगलं असतं आणि पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डबीत, भरल्यावर दोन दिवसांत तक्रार येते.

तेव्हापासून पडदे अंधार पडताना लावते, तेही पूर्ण नाही, वरून वीतभर उघडे. बाहेरची संध्याकाळची हवा गार असली तरी कोरडी असते, ती आत येऊन गरम झाली की ओल उचलून घेऊन जाते. सकाळचं त्याहून महत्त्वाचं. ऊन प्लॅस्टिकवर पडायच्या आधी पडदे वर. कारण उन्हानं हवा पटकन तापते, फळ मात्र रात्रीचं गारच असतं, आणि फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या बाटलीला घाम येतो तसं त्याला पाणी सुटतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय : सात वाजता कोरडं असलेलं फळ साडेआठला ओलंचिंब, पडदे बंद राहिले त्या दिवशी. ठिबक आता सकाळी आठनंतर. जुनी पानं दर आठ दिवसांनी काढते, कुजलेलं फळ पिशवीत घालून बाहेर, सरीत टाकायचं नाही. जाळीवर रस्त्याची धूळ बसून वारा अडतो, ती महिन्यातून एकदा पाण्यानं धुते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत बुरशी तुरळक झाली आणि फवारणी निम्म्याहून कमी.

आता थंडीचं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या बाजूला दवाचे हिमकण होतात तशा दोन-तीन पहाटा यंदाही आल्या. तेव्हा मी आत एक आणि बाहेर एक थर्मामीटर लावला होता. बाहेर 7, आत साडेसहा. दोनदा बघितलं, बरोबर होतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की साध्या पॉलिथिनमधून जमिनीची ऊब थेट वर निघून जाते, आणि आतली हवा बाहेरच्या हवेशी फारशी मिसळत नाही, म्हणून आत उलट गार होऊ शकतं. हीटर नसलेलं पॉलिहाऊस म्हणजे दुलई नव्हे, हे त्या पहाटे कळलं. पण स्ट्रॉबेरीला त्याचं काही वाटत नाही. उमललेलं फूल शून्याच्या खाली गेल्यावर काळं पडतं, तेवढं आमच्याकडं झालं नाही. गार रात्रींनी फळ सावकाश पिकलं, गोडी चांगली आली. उलट पडदे उघडायला उशीर झाला तर दुपारपर्यंत 34 अंश होतात आणि तेच रोपाला जड जातं.

मधमाश्यांचा खर्च धरा. आमच्या हिशेबात तो नव्हता. जाळीमुळे आत माशी येत नाही, आणि स्ट्रॉबेरीच्या फळावर जेवढ्या बिया तेवढ्यांचं परागीभवन व्हावं लागतं, जिथं होत नाही तिथं फळ फुगत नाही. पहिल्या बहराची फळं टोकाला चिमटलेली, कुबडी निघाली. मग सातेरीची पेटी आणून ठेवली. पहिले चार दिवस कित्येक माश्या वरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकला धडका घेऊन मेल्या, फार वाईट वाटलं. नंतर त्या रुळल्या. गार सकाळी बाहेर पडत नाहीत, दहानंतर काम सुरू. फळाचा आकार दोन आठवड्यांत सुधारला. माशी आत असताना कीटकनाशकाला हात लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवलंय. डिसेंबरात कोरड्या हवेत लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, आला तेव्हा म्हणूनच पानं खुडून आणि पाण्याच्या फवाऱ्यावर निभावलं.

वाऱ्याचं एकदाच झालं. जानेवारीत पश्चिमेकडच्या पट्टीतली, प्लॅस्टिक धरून ठेवणारी झिगझॅग स्प्रिंग सुटली आणि प्लॅस्टिक तीन फूट फाटलं. ठेकेदाराचा माणूस बारा दिवसांनी आला, तोवर दिरांनी आणि मी शिडी लावून टेप मारली. टेपचा रोल आणि जादा स्प्रिंग घरात असू द्या.

सगळं मिळून 11.5 लाख खर्च आला. सरकारी अनुदान मंजूर खर्चाच्या मापदंडावर मोजतात, तुमच्या बिलावर नाही. बिलाच्या निम्मे पैसे अनुदानात मिळतील असा हिशेब करून कर्ज काढू नका. जानेवारीअखेर 1,150 किलो फळ निघालं, त्यातलं पाऊणशे किलो तरी बुरशीनं गेलं, बहुतेक नोव्हेंबरातच. घरात रोज दोन वेळा पडद्याच्या हँडलपाशी उभं राहणारं माणूस असेल तरच यात पडा. आम्ही मुलांच्या शाळेच्या गाडीची वेळसुद्धा त्यावर बसवलीय.

मे महिन्यात चौथ्या बेचं प्लॅस्टिक बदलायचंय. या वेळी 'अँटी-ड्रिप' हा शब्द बिलात प्रत्येक बेपुढं लिहून घेणार आहे, आणि रोल उघडताना स्वतः उभी राहणार आहे. आबांनी तर आत्ताच सांगून ठेवलंय की शिडीवर तेच चढणार.