एडगर: छोट्या फोटॉनिक्स कंपनीची फाउंड्री शोधताय? आधी हे फुकटचं साधन वापरा

लाइटवेव्ह लॉजिक या छोट्या अमेरिकन फोटॉनिक्स (प्रकाशावर चालणाऱ्या चिपच्या) कंपनीचे शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यात कायम एकच चर्चा, फाउंड्री, म्हणजे दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारा कारखाना, कोण? टॉवर की ग्लोबलफाउंड्रीज की थेट टीएसएमसी? कोणीतरी कुठल्या कॉन्फरन्सचा फोटो बघून अंदाज बांधतो, कोणी कंपनीत नवीन कोण जॉइन झालं ते बघून, आणि संध्याकाळपर्यंत तो अंदाज बातमी म्हणून फिरायला लागतो. लोकांचे खरे पैसे यात अडकलेत, म्हणून मला हे बघवत नाही. त्यासाठीच अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसइसीच्या, एडगर या साइटचा हा रिव्ह्यू, कंपन्यांनी भरलेले अधिकृत कागद तिथे मिळतात. ती पूर्ण फुकट आहे, लॉगिन लागत नाही, भारतातून व्यवस्थित उघडते.

आधी थोडक्यात, फाउंड्रीच्या नावाला एवढं महत्त्व का. लाइटवेव्ह ही कंपनी कोलोरॅडोतल्या एंगलवूडची, इलेक्ट्रो-ऑप्टिक पॉलिमर (विजेने प्रकाशावर परिणाम करणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) बनवते. सिलिकॉन चिपवरच्या बारीक फटीत ते पॉलिमर भरलं की मॉड्युलेटर तयार होतो, म्हणजे विजेच्या सिग्नलचा प्रकाशाचा सिग्नल करणारा भाग, आणि डेटाच्या एका लेनला, म्हणजे एका मार्गाला, सेकंदाला 200 गिगाबिट किंवा त्याच्या वर जायचं हा सगळा खटाटोप एआय डेटा सेंटरसाठी. पण सिलिकॉनचं काम दुसऱ्याच्या फॅबमध्ये (चिप कारखान्यात) होतं, त्यामुळे माल हजारोंनी निघणार की लॅबमध्येच राहणार हे बरंचसं त्या फाउंड्रीवर ठरतं.

आता एडगर. याचा फुल टेक्स्ट सर्च हा खरा हिरा आहे, 2001 पासूनची फायलिंग्ज शब्द टाकून शोधता येतात. बहुतेक जण फक्त त्या कंपनीचं पान उघडून बसतात, पण तुम्ही उलटं करा, छोट्या कंपनीचं नाव अवतरणचिन्हात टाका आणि ते दुसऱ्या कोणाच्या कागदात येतंय का बघा. पुरवठादार, जुना भागीदार, एखादा फंड, कुठेतरी सापडू शकतं. मोठ्या फाउंड्रीच्या कागदात मात्र बहुतेक वेळा काही मिळत नाही, कारण त्यांच्या धंद्यात हा ग्राहक एवढासा असतो की नाव लिहायची गरजच पडत नाही, म्हणून तिथे नाव दिसलं नाही याचा अर्थ भागीदारी नाही असा काढू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो एक्झिबिटना, म्हणजे टेन-के (वार्षिक अहवाल), टेन-क्यू (तिमाही अहवाल) किंवा एट-के (मोठ्या घडामोडीची तातडीची सूचना) ला जोडलेल्या करारांना. करार उघडलात तर मधेच चौकोनी कंसात तारे दिसतील, कधी किंमत, कधी वेफरची (ज्यावर चिप बनतात त्या सिलिकॉन चकत्यांची) संख्या, कधी अख्खं परिशिष्ट गायब. 2019 च्या नियमबदलापासून कंपनीला यासाठी आधी परवानगीचा अर्ज करावा लागत नाही, फक्त पहिल्या पानावर लिहावं लागतं की वगळलेला मजकूर महत्त्वाचा नाही आणि आम्ही तो गोपनीय ठेवतो. मागितली तर पूर्ण प्रत एसइसीला द्यावी लागते. ही ओळ नीट वाचा प्लीज, ज्या गोष्टीवर लोक शेअरचं टार्गेट काढतात ती महत्त्वाची नाही असं कंपनीने स्वतः लेखी दिलेलं असू शकतं. आणि करारच जोडलेला नसेल तर? तेही होतं, रोजच्या धंद्यातला करार असेल तर सहसा एट-के लागत नाही, आणि इंजिनीअरिंग रन (चाचणीसाठीचं छोटं उत्पादन) किंवा टेप-आउटचं (चिपचं अंतिम डिझाइन फाउंड्रीला देण्याचं) काम त्यात बसू शकतं.

अजून एक, प्रेस रिलीज एट-के मध्ये आली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. आयटम 7.01 खाली दिलेली माहिती फक्त सादर केलेली असते, 1.01 खालचा मटेरियल, म्हणजे महत्त्वाचा, करार मात्र फाइल झालेला असतो आणि त्याची कायदेशीर जबाबदारी जास्त कडक. मी तरी आधी आयटम नंबर बघतो, मग हेडिंग.

नावं कधी बाहेर येतात? दोन्ही बाजूंना सोयीचं झालं की. 2024 च्या मार्चमध्ये सिंगापूरच्या ॲडव्हान्स्ड मायक्रो फाउंड्रीचं नाव लाइटवेव्हने स्वतः उघड सांगितलं, दोघांनी मिळून केलेल्या स्लॉट (फटीत पॉलिमर भरलेल्या) मॉड्युलेटरच्या निकालांसकट. पुढे 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ती फाउंड्रीच विकत घेतल्याचं जाहीर केलं. अशी जाहीर झालेली गोष्ट धरून विचार करा ना, फोटोतल्या लोगोवरून कशाला?

तक्रारी आहेतच. साइट दिसायला रुक्ष आहे, फॉर्मचे नंबर माहीत नसतील तर नवखा माणूस दहा मिनिटांत वैतागेल, आणि मोबाइलवर लांबलचक टेन-के वाचणं डोळ्यांना शिक्षा आहे, लॅपटॉपच घ्या. शिवाय परदेशी कंपन्यांचं चित्र इथे अपुरं पडतं, टोरांटोच्या पोएट टेक्नॉलॉजीज या फोटॉनिक्स कंपनीसाठी कॅनडाच्या सेडार प्लस या तशाच साइटवरही जावंच लागतं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एलआरएस (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) मधून डॉलर पाठवून असे शेअर घेणाऱ्या आपल्या लोकांनी निदान शेवटच्या टेन-के मधला रिस्क फॅक्टर्सचा (जोखमींचा) भाग तरी वाचावा, थर्ड पार्टी फाउंड्रीवर किती अवलंबून आहोत हे अशा कंपन्या तिथे बऱ्यापैकी स्पष्ट लिहितात. आणि आपल्या बीएसई-एनएसईवरच्या घोषणांच्या पीडीएफमध्येही असा आतला मजकूर शोधणारा सर्च मिळावा ही माझी मनापासून मागणी आहे.